गोठ्याची वायर

वादळ काल दुपारी येऊन गेलं, पण पाऊस काही पाय काढत नव्हता. गावात वीज नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून कुणाचं फारसं अडलंही नव्हतं. लोक लवकर जेवले, लवकर झोपले, फोन बंद पडल्यामुळे घरातल्या माणसांशी बोलले. अडलं होतं ते गावाच्या शेवटच्या घरातल्या तीनशे अंड्यांचं.

हे घर वायरमनचं. नोकरीतून निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, पण गावानं त्याला दुसरं नाव दिलं नाही आणि त्यालाही ते नको होतं. बायको केव्हाच गेली. मुलगा ट्रकवर, पंधरा दिवसांनी एकदा उगवायचा. घरात उरले वायरमन आणि त्याची सून. मागच्या गोठ्यात आता गुरं नव्हती. दोन वर्षांपूर्वी सुनेनं तिथं फरशी घातली, भिंतींना चुना मारला आणि अंडी उबवायचं मशीन आणलं. कपाटाएवढं मशीन, आत जाळीचे कप्पे, हीटर, छोटा पंखा, तळाला पाण्याचा ट्रे. अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं. आज अठरावा दिवस होता.

रात्रभर ती गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवत आणि बाहेर काढत बसली होती. मशीनवर तिनं घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं घातली होती. सासऱ्याचा नोकरीतला कोटसुद्धा त्यातून सुटला नव्हता.

"किती आहे?" वायरमननं दारातून विचारलं.

"पस्तीस. साडेसदतीस पाहिजे."

"सारखं दार उघडू नकोस."

"उघडत नाहीये बाबा. काचेतून नुसतं बघतेय."

"बघून काय ऊब येणार आहे?"

सुनेनं पुढची बाटली भरायला घेतली. तिचे डोळे लाल झाले होते आणि बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतली होती. वायरमनला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की तो काहीतरी वाकडं बोलायचा, ही त्याची जुनी खोड. म्हणून त्यानं छत्री उचलली आणि तो बाहेर पडला.

तो गेला तार बघायला. आठ वर्षं झाली तरी पाय तिकडेच वळायचे. त्याच्या अंगणासमोरचा पोल लाइनीवरचा शेवटचा. त्याच्या अलीकडच्या गाळ्यात, दोन पोलांच्या मधे, एक जुनं झाड आडवं झालं होतं आणि त्याखाली तार तुटून चिखलात पडली होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्याला ती नीट दिसलीही नाही, पण कुठून तुटली असेल ते त्यानं उभ्या उभ्या ओळखलं. दोन दिवसांचं काम, तो स्वतःशी म्हणाला. बाकीचं गाव आधी लागेल, आपण शेवटी.

परत येताना लांबूनच फटफट ऐकू आली.

अंगणात मंडपवाला उभा होता. गावात पोर्टेबल जनरेटर एकट्या त्याच्याकडे. सून भर पावसात त्याच्या घरी गेली होती आणि त्यानं हातगाडीवर घालून तो आणून दिला होता. आणला खरा, पण ठेवला होता नेमका गोठ्याच्या दारात. धूर सरळ आत जात होता.

"बंद कर आधी!" वायरमन ओरडला. "आत माणूस बसलंय, दिसत नाही? त्या धुरातलं विष नाकाला कळतसुद्धा नाही, आणि माणूस बसल्या जागी आडवं होतं."

"अहो, पावसात कुठं ठेवू?"

"त्या पत्र्याखाली. तीन बाजूंनी उघडा आहे. आणि धुराचं तोंड शेताकडे."

मंडपवाल्यानं निमूट ऐकलं. दोघांनी हँडलला धरून जनरेटर अंगणाच्या कडेच्या पत्र्याखाली नेला. वायरमनच्या गुडघ्यातून कळ गेली, पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही. मंडपवाल्यानं दोरी ओढली, जनरेटर पुन्हा फटफटू लागला, आणि मग वायरमनची नजर वायरीवर गेली.

ती मंडपवाल्यांची वायर होती. दोन्ही टोकांना पिना. कार्यक्रमाला हॉल घेतला की हे लोक एक टोक जनरेटरला लावतात, दुसरं हॉलमधल्या कुठल्याही सॉकेटला, आणि उलट्या वाटेनं सगळा हॉल उजळतो. इथं दुसरं टोक गोठ्यातल्या सॉकेटमध्ये होतं. मशीन त्याच बोर्डाला पक्कं जोडलेलं. ते जोडलं होतं वायरमननंच.

"हे काय केलंस?"

"घाबरू नका. घरात जाऊन मेन आधी बंद केला. मी काय आज धंद्यात आलोय?" मंडपवाला हसला. "तेवढं तुम्हीच शिकवलंय आम्हाला. चार माणसांत."

हा टोमणा होता, आणि तो नेमका बसला. बारा वर्षांपूर्वी याच मंडपवाल्यानं एका कार्यक्रमात लाइनीवर आकडा टाकला होता. वायरमननं पाहुणे जेवत असताना हातात लांब काठी घेऊन तो आकडा ओढून काढला होता आणि अंधारात सगळ्यांना ऐकू जाईल असं चोरीच्या विजेवर भाषण दिलं होतं. गावात ते भाषण अजून सांगितलं जायचं.

"छत्तीस!" गोठ्यातून सुनेचा आवाज आला. "बाबा, चढतंय! छत्तीसच्या वर गेलं!"

मेन बंद केला की घर लाइनीपासून तुटतं. गावातल्या कुठल्याही घरात ते पुरेसं होतं. एकाच घरात नव्हतं, आणि ते का नव्हतं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

वीस वर्षांपूर्वी बायको अंधारात दूध काढायची. एकदा म्हशीनं लाथ मारली, तिचा हात मोडला. त्या पावसाळ्यात वायरमननं गोठ्यात बल्ब लावला आणि त्याची वायर घेतली ती पोलावरून येणाऱ्या तारेवरूनच, छपराच्या वळचणीखाली, मीटरच्या आधी, मेनच्याही आधी. एक बल्ब तर आहे, असं तो मनाशी म्हणाला. रात्री-अपरात्री गावाला उजेड देतो, त्यातला एक बल्ब आपला. मग बायको गेली, म्हशी गेल्या, बल्ब राहिला. पुढं सुनेचं मशीन आलं तेव्हा ती वायर काढायची असं त्यानं ठरवलंही होतं. पण तोवर डोळे अधू झाले होते, छपरावर चढवेना, आणि दुसऱ्या कुणाला चढवायचं म्हणजे दाखवावं लागलं असतं. सून बिल आलं की शेजारणींना सांगायची, "एवढं मोठं मशीन, पण वीज खातच नाही बघा." वायरमन त्या वेळी उठून बाहेर जायचा.

म्हणजे आता जनरेटरची वीज सॉकेटमधून बोर्डात, बोर्डातून त्या वायरीनं वळचणीला, आणि तिथून थेट समोरच्या पोलावर. पोलापासून तुटक्या टोकापर्यंत तार जिवंत. आणि तार जोडायला येणारा माणूस ती मेलेली समजून हातात धरणार.

बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. मंडपवाला समोर उभा होता, सून आत आनंदानं आकडे सांगत होती, आणि वायरमन मूग गिळून बसला.

"ही वायर काढून मशीनला थेट जोड दिला तर?" त्यानं एवढंच विचारलं.

"आता? चांगलं चाललंय तर?" मंडपवाला म्हणाला.

"बाबा, नको ना आता खोलाखोली," सून म्हणाली. "पुन्हा थंड होईल."

मंडपवाला पेट्रोलचा डबा ठेवून गेला. रस्ता बंद, पेट्रोल मोजकंच. म्हणून पाऊण तास चालवायचं आणि दोन तास बंद ठेवायचं असं ठरलं. वायरमननं घरातून खुर्ची आणली, ती पत्र्याखाली जनरेटरशेजारी मांडली आणि छत्री डोक्यावर धरून बसला. कुणी लाइनीवर यायचं म्हणजे या पोलावर यावं लागणार. इथून पोल दिसतो. माणूस दिसला की जनरेटर बंद करायचा, बस. डोळ्यांत तेल घालून बसू.

"बाबा, आत बसा. कुणी चोरून नेत नाही तो."

"असू दे. मला बरं वाटतं इथं."

येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय वायरमन, जनरेटरला पहारा?" तो हसायचा. अंगावर पावसाचे शिंतोडे यायचे, कान फटफटीनं बधिर व्हायचे, पाय सुजून चपलेत मावेनात. संध्याकाळी, मशीन बंद असताना, त्यानं शिडी काढली आणि भिंतीला लावली. पक्कड खिशात टाकली. लाइन मेलेली आहे, जनरेटर बंद आहे, दोन मिनिटांचं काम. पहिली पायरी चढला, दुसरी चढला, तिसरीवर उजवा गुडघा असा काही लटपटला की तो शिडीला मिठी मारून तसाच राहिला. वर जाता येईना, खाली येता येईना. सुनेनं धावत येऊन त्याला कमरेला धरून उतरवलं.

"काय करताय वर?"

"पत्रा वाजत होता."

"वाजू दे! तुम्ही पडलात तर मी एकटी काय करू?" ती रडायच्या बेतात आली होती. "अंडी बघू की तुम्हाला बघू?"

साठ-साठ फुटांचे पोल चढलेला माणूस तिसऱ्या पायरीवरून सुनेच्या हाताला धरून उतरला. त्याला तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. जेवण झाल्यावर वायरमनला खुर्चीतच डुलकी लागली, आणि जाग आली ती हाकेनं.

"गुरुजी! झोपलात काय?"

समोरच्या पोलावर खारू बसला होता. कमरेला पट्टा, खांद्यावर दोराचं वेटोळं. पोलावर खारीसारखा चढतो म्हणून हे नाव वायरमननंच ठेवलेलं. सतरा वर्षं तो याच्या हाताखाली होता. आता तोच गावाचा वायरमन. तो रस्त्यानं नव्हे, शेतातून आला होता. लांब झाडापाशी दोन माणसं तुटकी तार उचलून धरत होती.

वायरमननं दचकून जनरेटरवर हात ठेवला. थंड होता. बंद होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

"कधी आलास?"

"झाला अर्धा तास. टेस्टर लावला, ट्रान्सफॉर्मरवरून बंद घेतलंय, चढलो. तुम्हाला उठवलं नाही. तासाभराचं काम, मग तुमच्या घरी उजेड!"

"हो. सावकाश कर."

गोठ्यातून सून बाहेर आली. "बाबा, साडेपस्तीसवर आलंय. वेळ झाली, चालू करते."

"थांब जरा."

"का?"

"तो वर आहे ना."

हे ऐकून पोलावरचा खारूच हसला. "करा चालू वहिनी! मेन बंद आहे ना?"

"कालपासून बंदच आहे."

"मग झालं तर. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर उतरून बघितलं असतं. गुरुजींच्या घरात काय बघायचं?"

 सून चोक ओढत होती. तेवढ्यात त्यानं वाकल्यासारखं करून पेट्रोलचा कॉक हळूच फिरवला. सुनेनं दोरी ओढली. एकदा, दोनदा, चारदा. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. पाचव्यांदा ओढताना तिच्या तळहाताची कातडी सोलली.

"काय झालं याला?"

"पाणी गेलं असेल आत. राहू दे तासभर."

"तासभर? तासाभरात पिल्लं मरतील बाबा! आतून टोचायला लागलीत ती. कान लावला की ऐकू येतं." तिनं सोललेला हात पदराला पुसला आणि पुन्हा दोरी धरली. "अठरा दिवस... एकोणीस दिवस मी..." 

नेमका तेव्हाच मंडपवाला पेट्रोलचा दुसरा डबा घेऊन आला. त्यानं एकदा जनरेटरकडं बघितलं आणि म्हणाला, "अहो, कॉक बंद आहे! कुणी बंद केला?" त्यानं कॉक उघडला, बाह्या सरसावल्या, दोरी हाताला गुंडाळली.

वर खारूनं दोन्ही हातांनी तार धरली होती.

"नको!" वायरमननं मंडपवाल्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढं बळ कुठून आलं याचं मंडपवाल्याला नंतर बरेच दिवस नवल वाटत राहिलं. "खारू, तार सोड. आधी सोड."

खारूनं सोडली. वायरमनच्या आवाजात असं काही असलं की आधी करायचं आणि मग विचारायचं, ही सतरा वर्षांची सवय.

"काय झालं गुरुजी?"

अंगणात दोघं, पोलावर एक, आणि तिघंही त्याच्याकडे बघत होती. वायरमनला वाटलं आता पुन्हा झड यावी, वारा सुटावा, कुणालाच काही ऐकू जाऊ नये. पण आभाळ स्वच्छ झालं होतं.

"गोठ्याची वायर मेनच्या आधीची आहे," तो म्हणाला. "तारेवरूनच घेतलीय. मी घेतलीय."

खारूला एका क्षणात कळलं. त्यानं नुकत्याच सोडलेल्या तारेकडे बघितलं, मग तिच्यावरून नजर नेत नेत वळचणीपर्यंत, गोठ्यापर्यंत, जनरेटरपर्यंत.  तो पट्टा सोडून सावकाश उतरला आणि पोलाच्या पायथ्याशी उकिडवा बसला. बराच वेळ तो आपले तळहात बघत राहिला.

सुनेला कळायला जरा वेळ लागला, पण कळलं ते तिच्या बाजूनं. "मेनच्या आधी म्हणजे मीटरच्याही आधी?"

वायरमननं मान हलवली.

"म्हणजे दोन वर्षं माझं मशीन..." ती थांबली. "आणि मी सांगत सुटले होते गावभर. तुम्ही ऐकत होता बाबा. तुम्ही बसून ऐकत होता."

"उठून जायचो मी," वायरमन म्हणाला. यापेक्षा बावळट उत्तर त्याला सुचलं असतं असं वाटत नाही.

आता राहिला मंडपवाला. बारा वर्षं त्यानं या दिवसाची वाट बघितली होती असं म्हटलं तरी चालेल. त्यानं तोंड उघडलंही. "काठी आणू का, आकडा काढायला?"

"आण," वायरमन म्हणाला. "आणि भाषणही कर. मी उभा राहतो."

मंडपवाल्यानं सुनेच्या सोललेल्या हाताकडे बघितलं, म्हाताऱ्याच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, आणि त्याची हौस कुठंतरी विरून गेली. "भाषण तुम्हालाच जमतं," तो पुटपुटला. "स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात? मशीनचा जोड बोर्डातून काढून थेट देतो. दहा मिनिटं लागतील."

तो आणि सून गोठ्यात गेले. खारू उठला. "शिडी कुठाय?" त्यानं विचारलं. या वेळी त्यानं 'गुरुजी' अशी हाक मारली नाही.

वायरमननं शिडी धरली. खारू वळचणीला चढला आणि छपराखाली चाचपून त्यानं तो जुना जोड बाहेर ओढला. वीस वर्षांची धूळ आणि जळमटं वायरमनच्या तोंडावर पडली. जोड सुबक होता, वरची चिकटपट्टी अजून घट्ट होती. खारूनं एकदा पक्कड दाबली, वायर गुंडाळली आणि खाली टाकली.

"दोन्ही हात तारेवर होते माझे," तो शिडीवरूनच म्हणाला. "घरी दोन लहान पोरी आहेत, गुरुजी."

"माहीत आहे."

"काल आलो असतो तर?"

"काल मी जागा होतो," वायरमन म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला आपलीच शरम वाटली. माणसाचा जीव त्यानं स्वतःच्या डुलकीवर ठेवला होता. "चुकलं माझं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लाज वाटली मला, दुसरं काही नाही."

खारू शिडीवरून उतरला. मागून फटफट सुरू झाली. थोड्या वेळानं गोठ्यातून "छत्तीस" असा आवाज आला, पण तो कालच्यासारखा कुणाला उद्देशून नव्हता. त्या अंड्यांतून दोन दिवसांनी दोनशे अकरा पिल्लं निघाली, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. सून मात्र सासऱ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली, आणि आठवडा संपायच्या आत स्वतः विजेच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आली.

खारूनं पुन्हा पट्टा बांधला. पोलाकडे निघाला.

"मेन बंद आहे रे," वायरमन म्हणाला. सवयीनं म्हणाला. चाळीस वर्षं या वाक्यावर माणसं पोलावर चढली होती.

खारू थांबला. "हो," तो म्हणाला. मग पायातले बूट दारात काढून तो घरात गेला. आतून मेनचा खटका खालीवर झाल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फ्यूज होता. तो त्यानं शर्टाच्या खिशात टाकला आणि वर बटण लावलं. पोलाशी जाऊन लांब काठीवरचा टेस्टर तारेला लावला. जनरेटर चालूच होता, म्हणून पुन्हा एकदा लावला.

हे सगळं वायरमननंच त्याला शिकवलं होतं. सांगणाऱ्यावर जाऊ नकोस, मग तो कुणी का असेना. स्वतः बघ आणि फ्यूज खिशात ठेव. एवढं शिकवूनही इतक्या वर्षांत एक घर खारूनं कधी तपासलं नव्हतं.  वायरमनला फार वाईट वाटलं, आणि पोराला नीट शिकवलं याचं बरंही वाटलं, आणि त्यातलं कुठलं जास्त ते त्याला कळेना.

"बघितलंस?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"बरं केलंस," वायरमन म्हणाला, आणि खारू पोलावर चढू लागला.